तळ्याचा काठ: आधी उतार, मग रोपं

तळं सुधारायचं ठरलं की सगळ्यात आधी भिंतीची मागणी येते. काठ ढासळतोय म्हणून भिंत, चिखल होतो म्हणून फरसबंदी, लोकांना फिरायचंय म्हणून भिंतीलगत पायवाट. पहिली दोन वर्षं सगळं देखणं दिसतं. मग भिंतीच्या पायथ्याशी खड्डे पडायला लागतात, एखादा तुकडा पुढे कलतो, पाणी पूर्वीपेक्षा गढूळ राहतं आणि उथळ पाण्यात चरणारे पक्षी येईनासे होतात.

उतरत्या काठावर लाट चढत चढत मोडते, गवताच्या काड्यांमध्ये विखुरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट जोर न गमावता मागे फिरते आणि जाताना पायथ्याची माती उकरून नेते. परतणारी आणि येणारी लाट एकमेकींवर चढली की उसळी आणखी वाढते. लाटेची ताकद तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे १० सेंटीमीटरच्या जागी २० सेंटीमीटरची लाट आली तर मार चौपट बसतो. एका टोकाला भिंत घातली की शेजारचा मोकळा काठ जास्त झिजतो, मग शेजारीही भिंत मागतो. अशीच अख्खी तळी बशीची वाटी होऊन बसतात.

काठ म्हणजे खरं तर एक रुंद पट्टा. वर कोरड्यात झुडपं, त्याखाली कधी ओली कधी सुकी राहणारी जागा, मग उथळ पाण्यातले लव्हाळे आणि बोरू-नळ, त्यापुढे कमळं-कुमुदिनी, आणि शेवटी पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पती, जिथवर उजेड पोचतो तिथवर. मासे याच पट्ट्यात अंडी घालतात, चतुर याच काड्यांवर चढून कात टाकतात, वरून आलेली माती इथेच अडते. भिंत घातली की यातले मधले पट्टे एका फटक्यात जातात. त्यामुळे काठ जगवायचा म्हणजे हा पट्टा परत द्यायचा. त्याला जागा लागते, आणि गावकऱ्यांमधला खरा वाद त्या जागेवरूनच होतो, तंत्रावरून नाही.

कामाला हात घालण्याआधी निदान एक वर्ष पाण्याकडे बघा. हा सल्ला कुणाला आवडत नाही, कारण निधी आलेला असतो आणि तो संपवायचा असतो. पण रोपं मरण्याचं सगळ्यात मोठं कारण चुकीच्या उंचीवरची लागवड हेच आहे, आणि बरोबर उंची कळायला वर्षभराची पाणपातळी माहीत असावी लागते. उपाय फुकटातला आहे: सेंटीमीटरच्या खुणा केलेली एक पट्टी पक्क्या खांबाला बांधायची, आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहायचा. शिवाय दर महिन्याला पाण्याच्या कडेला तीन-चार ठिकाणी खुंटी ठोकायची. वर्षाअखेर खुंट्यांची रांग बघितली की पाणी कुठून कुठे सरकतं ते डोळ्यांना दिसतं. वारा कुठल्या बाजूने सर्वांत लांब मोकळ्या पाण्यावरून येतो, तेही टिपून ठेवा. ते अंतर जितकं जास्त, तितकी त्या काठावर लाट मोठी.

पाणी किती निवळ आहे हे मोजायला सेक्कीची तबकडी पुरते. आंजेलो सेक्की या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही पद्धत वापरली आणि अजून तिला तोड नाही. तळ्यांसाठी २० सेंटीमीटर व्यासाची तबकडी घ्यायची, तिचे चार भाग आलटून पालटून काळे-पांढरे रंगवायचे, खाली वजन आणि वर दर १० सेंटीमीटरला गाठ मारलेली दोरी. भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल न लावता सोडायची. दिसेनाशी झाली तो आकडा आणि वर ओढताना पुन्हा दिसली तो आकडा, दोन्हींची सरासरी. ढोबळ अंदाज असा, की पाण्याखालच्या वनस्पती या आकड्याच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंतच तग धरतात. तबकडी ३० सेंटीमीटरवर गायब होत असेल तर मीटरभर खोलीत पाणवनस्पती लावणं म्हणजे रोपं बुडवणं.

आणि पाणी गढूळ असेल तर ते का, हे आधी सोडवावं लागतं. उथळ तळ्याला दोन सवयी असतात आणि दोन्ही हट्टी. एक निवळ: तळाशी वनस्पती, त्या गाळ धरून ठेवतात, त्यांच्या आडोशाला सूक्ष्म प्राणी राहतात, ते शेवाळ खातात, म्हणून पाणी निवळ राहतं. दुसरी गढूळ: शेवाळाने उजेड अडवला, वनस्पती मेल्या, गाळ मोकळा झाला, वाऱ्याने ढवळला, म्हणून आणखी गढूळ. डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं. व्यवहारात अर्थ असा, की घाण येणं थोडं कमी केलं म्हणून तळं आपोआप परत फिरत नाही. बिघडताना जिथे घसरलं त्याच्या बऱ्याच मागे जावं लागतं.

घाण म्हणजे मुख्यतः फॉस्फरस, शेवाळाचं खाद्य. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्यावर १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने केलेला प्रयोग यावर शंका ठेवत नाही. हे तळं मधे चिंचोळं; त्या चिंचोळ्या जागी प्लॅस्टिकचा पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, एकातच फॉस्फरस. विमानातून काढलेल्या छायाचित्रात तो एकच भाग शेवाळाने हिरवागार दिसतो. सांडपाणी, खत, शेण, धुण्याची पावडर आणि वाहून आलेली माती, सगळ्यांतून हा फॉस्फरस येतो.

लोकांनी ठरवलं तर तो थांबतो. जपानच्या बिवा सरोवरात १९७७ मध्ये पाणी तांबूस झालं, तेव्हा काठच्या घरांमधल्या बायकांनी फॉस्फरसवाली धुण्याची पावडर सोडून साबण धरला. त्या चळवळीच्या जोरावर शिगा प्रांताने १९७९ मध्ये अशा पावडरींवर बंदीचा नियम केला, आणि १९९२ मध्ये काठची बोरूची बनं राखण्यासाठी वेगळा नियम आला. अमेरिकेत सिएटलजवळच्या वॉशिंग्टन सरोवरात १९५८ च्या मतदानाने सांडपाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहिली, १९६३ ते १९६८ दरम्यान सांडपाणी सरोवरात सोडणं टप्प्याटप्प्याने बंद झालं आणि पाणी थोड्याच वर्षांत निवळलं. दोन्हीकडे आधी नळ बंद केला, मग फरशी पुसली.

ओढे-नाले जिथे तळ्याला मिळतात तिथे गाळ अडवायची कुंडी करा. पुढे पाणथळ पट्टा असेल तर त्याच्या पाण्याच्या साधारण दहावा भाग मावेल एवढी कुंडी, तळ कडक, म्हणजे उपसताना यंत्र रुतत नाही. निम्मी भरली की उपसायची. न उपसलेली कुंडी पहिल्याच मोठ्या पुरात सगळा साठा एकदम तळ्यात ओकते, तेव्हा उपसणाऱ्याचं नाव आणि पैसा कामाच्या कागदावर आधीच लिहून ठेवा. कुंडीनंतरचा पाणथळ पट्टा रुंदीच्या निदान तिप्पट लांब असावा आणि खोली बहुतेक ठिकाणी १० ते ५० सेंटीमीटर. पाणी सरळ एका चरातून पळून गेलं तर रोपांशी त्याची भेटच होत नाही. म्हणून आडवे उंचवटे ठेवायचे आणि तोंडाशी दगड पसरून पाणी रुंदीभर पांगवायचं.

आता काठाची माती. झिजून उभा झालेला कडा असेल तर वरून माती खाली ओढून उतार द्यायचा. तीन मीटर आडवं जाताना एक मीटर उतरणं ही शेवटची मर्यादा. रोपं नीट वसायला हवी असतील तर पाच ते दहा मीटरला एक. जागा नसेल तर निदान पाण्याच्या रेषेलगतचा भाग तरी सपाट करा, पट्टा तिथेच बसतो.

लाटा मध्यम असतील तर उताराच्या पायथ्याला काथ्याचे रोल लावतात. बाजारात सहसा ३० सेंटीमीटर जाडीचे, तीन मीटर लांबीचे मिळतात. हे काम दिसतं सोपं आणि बिघडतं चटकन, म्हणून जरा सावकाश सांगतो.

नेहमीच्या पाणपातळीच्या रेषेलगत, उथळ पाण्यात ८ ते १० सेंटीमीटर खोल चर खणायचा. रोल चरात असा बसवायचा की निम्म्याहून जास्त पाण्यात राहील आणि माथा पाण्याच्या थोडा वर. कोरडा काथ्या तरंगतो, त्यामुळे बांधल्याशिवाय एक रात्रही सोडू नका. खुंट टिकाऊ लाकडाचे, तीन-चार सेंटीमीटर जाड, मीटरभर लांब. रोलच्या दोन्ही बाजूंनी दर ६० सेंटीमीटरला एक जोडी, पण लगेच पूर्ण ठोकायचे नाहीत. डोक्याखाली खाच करायची, त्या खाचेतून काथ्याची दोरी या खुंटावरून त्या खुंटावर नागमोडी ओढत न्यायची आणि मग सगळे खुंट आणखी १०-१५ सेंटीमीटर ठोकायचे. खुंट खाली जातात तशी दोरी आपोआप आवळते आणि रोल जमिनीत दाबला जातो. आधी खुंट पूर्ण ठोकून नंतर दोरी बांधली तर ती कितीही ओढली तरी आठवड्यात सैल पडते, रोल लाटेबरोबर वर-खाली व्हायला लागतो आणि खालची माती पंपासारखी बाहेर फेकतो.

दोन रोलची तोंडं घट्ट भिडवून शिवायची. रांगेची दोन्ही टोकं वळवून काठाच्या आत निदान मीटरभर घुसवायची आणि मातीने गाडायची. टोकं उघडी ठेवली तर पाणी तिथून मागे शिरतं आणि रोलच्या मागे नवा ओहोळ खणतं. रोल जागच्या जागी, काठ गायब. मागची पोकळी माती टाकून पायाने दाबायची. माथ्यावर सळईने भोकं पाडून दर ३० सेंटीमीटरला एक रोप बसवायचं. काथ्या दोन ते पाच वर्षांत कुजतो, आणि तो कुजायलाच हवा. तोवर मुळांनी काठ पकडलेला असला की झालं. रोपं न लावता नुसते रोल टाकणाऱ्यांचे पैसे बरोबर तेवढ्याच वर्षांत पाण्यात जातात.

लाट फार मोठी असेल तर पायथ्याला दगडाची बुटकी रांग लागतेच, तिथे काथ्याचा हट्ट नको. फक्त दगडाखाली गाळणीचं कापड किंवा बारीक खडीचा थर हवा, नाहीतर फटींतून माती निघून जाते आणि दगड खचतात. मधे मधे फटी सोडा, कासवं-बेडकांना वर यायला वाट लागते.

वरच्या ओल्या भागात वाळुंजासारख्या झाडाच्या जिवंत फांद्या खोचल्या तरी मुळं धरतात. पानं नसलेल्या काळात कापायच्या. खालचं टोक तिरकं, वरचं सपाट, म्हणजे उलटी खोचली जात नाही. दोन तृतीयांश लांबी जमिनीत.

रोपांबाबत सगळ्यांना घाई असते. त्याआधी एक स्वस्त चाचणी करा. काठाच्या दहा जागांवरून वरचा पाच सेंटीमीटर गाळ घ्या, दोन पसरट ट्रेमध्ये दोन-तीन सेंटीमीटर जाडीने पसरा. एक नुसता ओला ठेवा, दुसऱ्यात पाच सेंटीमीटर पाणी. सहा-आठ आठवड्यांत काय उगवतं ते बघा. पाणथळ वनस्पतींचं बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत पडून असतं आणि त्यातल्या बऱ्याचशा उघड्या ओल्या गाळावरच रुजतात, पाण्याखाली नाही. ट्रे भरून उगवला तर लागवडीचे पैसे वाचवा. जिथे सांडवा किंवा दार हातात आहे तिथे पाणपातळी काही आठवडे खाली ठेवली तरी काठ स्वतःच हिरवा होतो. त्यात धोका एवढाच, की उघडा गाळ पाणकणसालाही, म्हणजे काठभर माजणाऱ्या उंच पाणवनस्पतीलाही, तितकाच आवडतो. आणि मासेमारांना विचारल्याशिवाय पातळीला हात लावू नका. कुठला मासा कुठल्या कोपऱ्यात कधी अंडी घालतो हे त्यांना माहीत असतं, आराखडा काढणाऱ्याला नसतं.

लागवड करायचीच असेल तर लव्हाळ्यासारखी रोपं पाण्याच्या कडेपासून १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत, उंच बोरू-नळ त्यापुढे अर्ध्या मीटरपर्यंत, कुमुदिनी अर्धा ते दीड मीटर. लव्हाळा-बोरूच्या रोपाचा वरचा तिसरा हिस्सा कायम पाण्याबाहेर राहिला पाहिजे, नाहीतर ते गुदमरतं. अंतर ३० ते ५० सेंटीमीटर. विखरून दोन-चार लावण्यापेक्षा एका जातीचे दाट पुंजके लावा, लाटेत पुंजकाच टिकतो. पाणी उतरल्यावर आणि पुन्हा चढायच्या निदान आठ-दहा आठवडे आधी काम संपवा. रोपं त्याच खोऱ्यातली घ्या, मुळं धुऊन घ्या. चिखलाबरोबर जलपर्णीची पिल्लं आणि परक्या गोगलगायी सहज येतात. नव्या रोपाची मुळं मऊ गाळात सुटतात आणि सकाळी सगळी रोपं वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात तरंगताना सापडतात. बांबूच्या कामटीचा उलटा यू करून प्रत्येक रोप टाचून ठेवलं की हे टळतं.

पक्षी आणि गुरं पहिल्या वर्षी सगळं फस्त करतात. मीटरभर उंच जाळी आणि वरून दीड-दोन मीटरच्या चौकटीत ताणलेल्या दोऱ्या, एवढ्यावर बदकं उतरत नाहीत. गुरांना मात्र नुसतं अडवून चालत नाही, त्यांना पाणी लागतं. कठीण जमिनीवर एक खडीचा रॅम्प करून द्या, बाकीचा काठ वाचतो. माणसांचंही तेच: होड्यांना, धुण्याला, बसायला ठरलेल्या दोन-तीन जागा नीट बांधून द्या, मग उरलेल्या काठावर कुंपणाची गरज कमी पडते. मोटरबोट असतील तर काठापासून ३० मीटरच्या आत सावकाश चालवण्याचा नियम तळ्याच्या समितीनेच करावा. वाऱ्याची लाट मोसमापुरती असते, बोटीची रोज.

जलपर्णी काढणं हा बहुतेक ठिकाणी एका रविवारचा उत्साह असतो. हिशेब असा: वनस्पतीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, एका हेक्टरवरचा दाट थर अनेकदा २०० टनांच्या पुढे, आणि अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत दुप्पट. त्यामुळे मधोमध हात मारण्यात अर्थ नाही. तरंगत्या दोराने तुकडे वेगळे करायचे, वाऱ्याने एका काठाला लागू द्यायचे आणि तिथून फुलं यायच्या आत उपसायचे. बी गाळात पंधरा-वीस वर्षं टिकतं. ढीग पाण्यापासून निदान दहा मीटर लांब, उलट्या उताराला. काठावरच रचला तर त्याचा काळा रस परत तळ्यात जातो. आणि सगळी जलपर्णी एकदम उपसून सांडपाणी चालूच ठेवलं तर मोकळा झालेला उजेड शेवाळ घेतं. लोक म्हणतात, साफ केलं तर आणखी बिघडलं. बरोबरच म्हणतात.

पाण्यात पडलेलं झाड ओढून काढू नका, वाटेत नसेल तर. लहान माशांना तेच घर.

देखभाल तीन वर्षं धरा. पहिल्या तीन महिन्यांत ठरलेल्या दहा चौकटींत, प्रत्येकी एक चौरस मीटर, जगलेली रोपं मोजा. निम्मी मेली असतील तर पुन्हा लावण्याआधी कारण शोधा: पानं पिवळी पडून कुजली तर पाणी खोल, मुळापासून उपटली तर लाट किंवा पक्षी, देठ कुरतडले तर गोगलगाय किंवा गुरं. छायाचित्र दर वेळी त्याच खुंटाशी उभं राहून घ्या.

पाणकणीस माजलं तर उपटत बसू नका. त्याचे वाळके देठसुद्धा नळीसारखे काम करतात, त्यांतूनच कंदाला हवा पोचते. म्हणून पाण्याच्या खाली, जितकं खाली जमेल तितकं कापायचं, आणि नवे कोंब वर आले की पुन्हा एकदा. कापलेली तोंडं बुडलेली राहिली की कंद गुदमरून कुजतो. बोरूचं बन कापताना नेमकं उलटं करायचं. बिवाच्या काठावर बोरू हिवाळ्यात, पानं वाळल्यावर कापतात. दरवर्षी कापलेलं न्यायचं, म्हणजे त्यातलं फॉस्फरस परत पाण्यात कुजत नाही. पण खुंट पाण्याच्या वर निदान वीत-दीड वीत राहिले पाहिजेत, आणि पाणी चढायच्या आत नवे कोंब त्यांच्याही वर. बन तीन भागांत वाटून दर वर्षी एकच भाग कापा. उरलेल्या दोन भागांत त्या वर्षी पक्षी घरटी करतात.